बॉल अंगावर घेणारी

आमच्या आईचा डॉक्टरांपेक्षा आंबेहळदीवर जास्त विश्वास होता. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात एक सहाण कायमची ठेवलेली असे, देवाच्या सहाणेपेक्षा वेगळी, कडेला टवका उडालेली. तिच्यावर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून आई जो लेप करी त्याचा वास रविवारी दुपारी आमच्या पारनेरच्या घरभर भरलेला असे. वडील कोर्टात कारकून होते आणि सुटीच्या दिवशी कोणाकडे सत्यनारायण असला तर पोथी घेऊन जात. पूजा आटोपून ते परत आले की वहाणा काढता काढताच विचारीत, "आज कोण पडलं?" आई म्हणे, "पडलं कोणी नाही. हौसाने अंगावर घेतलाय." मग वडील "शिव शिव" म्हणत पाय धुवायला जात आणि आतल्या खोलीत हौसा पालथी पडून खिदळत असे, कारण आईची बोटं फार गार असत आणि हौसाला गुदगुल्या फार होत.

हौसा माझी मैत्रीण. मैत्रीण म्हटलं की हल्ली माझ्या वयाच्या बायका ज्यांच्याबरोबर भिशी लावतात त्या डोळ्यांसमोर येतात, तसलं काही नव्हतं ते. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. मग तिच्या घरच्यांनी तिला शाळेतून काढलं. वस्तीवर दोन म्हशी होत्या, धाकटी भावंडं होती, खुरपणी होती, आणि तिच्या वडिलांच्या मते वाचता येत होतं तेवढं पुष्कळ होतं. ती रोज सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर यायची तेव्हा आमच्या दारावरून जायची. "वसेऽ" अशी हाक मारायची, मी खिडकीतून हात हलवायची, की संपलं. तिला थांबायला वेळ नसे आणि मला शाळेची घाई. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात नाव घातलं, आणि आमची मैत्री त्या एका हाकेवर येऊन ठेपली. दिघे सरांनी सॉफ्टबॉल सुरू केला नसता तर तीही हळूहळू बंद पडली असती. मग हे प्रकरण लिहायची वेळ माझ्यावर आली नसती, आणि हौसा आज कुठेतरी नातवंडांवर खेकसत बसलेली असती.

दिघे सर आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक. कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक बॅट, चार हातमोजे आणि एक पांढरा बॉल घेऊन आले. तोवर पारनेरात या खेळाचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. शाळेतल्या मुलींना तर त्यांनी शिकवलाच, पण दर रविवारी सकाळी शाळा सोडलेल्या मुलींसाठीही मैदान खुलं ठेवलं. "यात बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही. खेळायचं असेल तर या," असं ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे मुली आल्या. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आल्या, बालवाडीच्या निर्मलाबाई आल्या, आम्ही कॉलेजातल्या तिघीचौघी होतो. मैदान म्हणजे बाजारतळामागची मोकळी जागा. आठवडे बाजाराला तिथे शेळ्यामेंढ्या उभ्या असत, म्हणून रविवारी आधी आम्ही खराट्याने लेंड्या झाडायचो आणि मग खेळायचो. ओढण्या छातीवरून तिरप्या घेऊन कमरेला गच्च बांधायच्या. बॉलची शिवण मुरमावर घासून उसवली की सर तो चांभाराकडून शिवून आणायचे. बाजारतळावर बायाबापड्या उभ्या राहून बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्हालाही हसू यायचं. त्या रविवारांइतकं मी नंतर कधी हसलेले नाही.

हौसाला मीच बोलावलं. म्हशींचं आटोपून, दूध घालून, किटली आमच्या ओट्यावर ठेवून ती यायची. वडिलांनी एवढीच सवलत दिली होती, तीही भावाच्या मध्यस्थीने. पण खेळाच्या बाबतीत ती आमच्यात सगळ्यात कच्ची. बॅट फिरवायची तोवर बॉल मागे कॅचरच्या हातात जाऊन बसलेला असे. अंगाने थोराड, दोन भरल्या कळशा एका कडेवर घेऊन चालणारी, पण पळायची वेळ आली की पाय उचलत नसत. सर वैतागायचे. ज्या मुलींना खेळता येईल त्यांनाच बाहेरगावच्या सामन्याला न्यायचं हे उघड होतं, आणि बाहेरगावी न नेलेली मुलगी दोन-चार रविवारांनी यायची बंद व्हायची. हौसाचं तसं झालं असतं तर घरून तिला पुन्हा कोणी सोडलं नसतं. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं.

या खेळात एक नियम आहे. बॉल टाकणाऱ्या मुलीचा बॉल खेळणाऱ्या मुलीच्या अंगाला लागला, तर तिला पहिला बेस, म्हणजे पळायच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो. बॅट न लावता ती चालत जाऊन तिथे उभी राहू शकते, आणि पुढच्या मुलीने चांगला फटका मारला तर पळत घरी, म्हणजे बॅटच्या जागी, परत येऊन रनही काढू शकते. राळेगणच्या बाजूच्या मुली एकदा खेळायला आल्या होत्या. त्यांचा एक बॉल हौसाच्या दंडावर सणसणून बसला आणि तिला बेस मिळाला. तिला पळता येत नाही म्हणून सरांनी तिच्या जागी मला पाठवलं, कारण मला बॅट फारशी जमत नसली तरी पळायला मी सगळ्यांत पुढे होते. मी पळाले, रन झाला, आम्ही जिंकलो. त्या दिवशी हौसाला तिची जागा सापडली. त्यानंतर अडचणीची वेळ आली की आमच्या सगळ्या मुली कडेला उभ्या राहून ओरडायच्या, "हौसा, घे! घे अंगावर!" आणि हौसा घ्यायची. त्यातही कला होती. मुद्दाम बॉलपुढे उभं राहिलेलं दिसलं तर अंपायर बेस देत नाही, म्हणून ती चुकवल्यासारखं करून अर्धी वळायची आणि नेमकी पाठ, दंड किंवा मांडी तिथेच ठेवायची. मग मी जायची आणि तिच्या नावाने पळायची. सर म्हणत, "तुम्ही दोघी मिळून माझी एक खेळाडू आहात." आम्हाला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! घेणारी ती आणि पळणारी मी. आजही कोणी मैत्रीची व्याख्याबिख्या करायला लागलं की मला हेच आठवतं आणि मी तिथून उठून जाते.

सामना संपला की एक विधी असायचा. दोघीतिघी ओढण्या धरून आडोसा करायच्या आणि बाकीच्या हौसाचा मार बघायच्या. त्या बॉलला जाड दोऱ्याची शिवण असते. जोरात बसला तर तिचे टाके कातडीवर जसेच्या तसे उमटतात, लालसर, एकाशेजारी एक. टाके उमटले असले तर तो मार पक्का. मग हौसाला बर्फाच्या गोळ्यातला पहिला घास, टेम्पोत पुढची जागा आणि आमच्या आईचा लेप. टाके उमटले नसले तर "काय गं, कापूस लागला का?" असं म्हणून आम्ही तिला चिडवायचो आणि तीही हसायची. कोणी ठरवलं नव्हतं, पण मार किती लागला ते टाक्यांवरून ठरवायचं हा आमचा कायदाच झाला होता. कोणालाही त्यात काही चूक वाटली नाही. सरांनाही नाही, माझ्या आईलाही नाही.

तिच्या आईला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. घरी कळलं तर रविवार बंद होईल म्हणून तर लेप आमच्याकडे लावला जायचा. कधी दंडावरचं काळंनिळं दिसलंच तर हौसा सांगायची, "म्हशीनं शिंग लावलं." म्हशीला उगाच बोल लागायचा. मी त्यांच्या वस्तीवर जायची तेव्हा मावशी, म्हणजे हौसाची आई, मला चुलीपुढे बसवून हुलग्याचे शेंगोळे करायची. कण्हेरीच्या शेंगेएवढे वळलेले, लसूण आणि लाल तिखटाच्या रश्शात रटरट शिजणारे. सोबत बाजरीची भाकरी. आमच्या घरी मेतकूट-भात आणि बेताचं तिखट, त्यामुळे माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मावशी म्हणायची, "खा गं, बामनाची असली म्हनून काय झालं, रडत रडत खा." परड्यात म्हशींच्या गळ्यातली लोढणी खडखडत असायची. हौसा भाकरी मोडता मोडता मला डोळा मारायची, कारण तिच्या पाठीवर आदल्या दिवशीचे टाके असायचे आणि मावशी तिथेच थोपटत असायची.

हल्ली मी मुलाकडे नगरला असते. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण जिभेला नगरच सवयीचं आहे. आमच्या घराजवळच्या मैदानावर मुली सॉफ्टबॉल खेळतात. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, छातीला गादीसारखं काहीतरी. फिरायला जाताना मी तिथून जात नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगून लांबच्या रस्त्याने जाते, आणि लांबच्या रस्त्याने गुडघे जास्त दुखतात हे सुनेच्या लक्षात आलेलं आहे, पण ती बोलत नाही.

खेळाच्या शेवटच्या वर्षी दिवाळीआधी हौसाला हिवताप झाला. वस्तीवर सगळ्यांनाच आला, पण तिचा फार दिवस रेंगाळला. ताप उतरला, गोळ्या संपल्या, ती पुन्हा दूध घालायला येऊ लागली, पण चेहरा पिवळट राहिला आणि डाव्या कुशीत जड जड वाटतं म्हणायची. आई म्हणाली, "ओवा खा. वात असेल." ओवा खाल्ला. दरम्यान मैदानावर एक नवी मुलगी आली होती, नुकत्याच बदलून आलेल्या तलाठ्याची. तिला बॅटही येत होती आणि पळताही येत होतं. हौसा परत आली त्या रविवारी सर तिच्याशी नीट बोलले, तब्येत विचारली, आणि शेवटी म्हणाले, "जामखेडच्या सामन्याला तिला आणि तुला, दोघींनाही नेतो. तिथे बघू." एवढंच. पण आमच्या ओट्यावरची किटली उचलताना हौसा म्हणाली, "जामखेडात कायबी करून घ्यायचा, वसे. न्हाईतर मग दुधापुरतंच यायचं पारनेरात."

मी म्हणाले, "घेशील की. आणि मी पळेन."

जामखेडला आम्ही टेम्पोने गेलो. नगर मागे पडल्यावर रान उघडंबोडकं व्हायला लागलं. वाटेत थांबून डबे सोडले. निर्मलाबाईंनी थालीपिठं आणली होती, हौसाने ठेचा आणि कांदा, पण तिने स्वतः अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली मला दिली. जामखेडचं मैदान म्हणजे कडक, तडे गेलेली जमीन. एका कडेला बाभळी, दुसऱ्या कडेला एकच लिंबाचं झाड. तिथल्या मुली दणकट होत्या. त्यांची बॉल टाकणारी तर अशी होती की हात फिरलेला दिसे, बॉल दिसत नसे. बघायला बरीच माणसं जमली होती. एक म्हातारी मला म्हणाली, "कुठून आलाव गं लेकरांनो? उन्हात मरायलाव की!" त्या बाईने ते सहज म्हटलं होतं. मला ते वाक्य अजून झोपू देत नाही.

शेवटच्या डावापर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. आमच्या दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की डाव संपणार. तलाठ्याच्या मुलीने त्या दिवशी चांगला खेळ केला होता. सरांनी हौसाकडे पाहिलं. ती उठली, ओढणी कमरेला पुन्हा बांधली आणि बॅट घेऊन गेली. आम्ही कडेला उभ्या राहून ओरडायला लागलो, "हौसा, घे! घे अंगावर!" मीही ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माझाच असेल. पहिला बॉल लांबून गेला. दुसरा आत आला आणि हौसा वळली, पण तापाने तिचं अंग मंदावलं होतं, नेहमीसारखी पाठ पुढे आली नाही. बॉल डाव्या बरगडीखाली मऊ जागेवर बसला. नेहमी फट्ट असा आवाज यायचा. या वेळी आवाज आलाच नाही.

ती वाकली. अंपायरने बेस दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती वाकलेलीच राहिली तसे सर आणि मी धावत गेलो. निर्मलाबाईंनी ओढणी धरली आणि शिवणकामवाल्या बहिणींतल्या थोरलीने कुडता वर करून पाहिलं. टाके उमटलेले नव्हते. लाल डागही नव्हता. स्वच्छ कातडी.

"काहीच नाहीये गं!" ती म्हणाली. कोणीतरी म्हणालं, "कापूस लागला, कापूस!" आणि सगळ्या हसल्या. हौसाही हसायला गेली. तिच्या ओठांवर घाम आला होता.

"चालता येतंय का?" सरांनी विचारलं.

"व्हय. जरा मळमळतंय. बसते लिंबाखाली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पळ, वसे. रन काढ. मग बघू आता मला कोन काढतंय."

मी तिला तांब्यातून पाणी दिलं. ती ते सगळं प्यायली आणि आणखी मागितलं. एवढ्यात अंपायरने हाक मारली, म्हणून तांब्या तिच्याजवळ ठेवून मी बेसवर जाऊन उभी राहिले. लिंबाचं झाड माझ्या पाठीमागे होतं. पळणारीने बॉलवरून नजर काढायची नसते, हे सरांनी आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी नजर काढली नाही. निर्मलाबाई खेळायला आल्या, एक बॉल सोडला, एक चुकला, एक बाहेर उडवला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्यांनी फटका मारला आणि बॉल बाभळींच्या पलीकडे गेला. मी पळाले. दुसरा बेस, तिसरा, आणि घर. धुळीत आडवी पडले, उठले तर सगळ्या माझ्या अंगावर. मला खांद्यावर घेतलं. जामखेडच्या कोण्या पुढाऱ्याने आणलेला कप सरांच्या हातात आला. फोटोवाला म्हणाला, सगळ्या ओळीत या. तेव्हा निर्मलाबाई म्हणाल्या, "हौसा कुठंय? बोलवा तिला, तिचाच तर रन." म्हणून मी लिंबाकडे गेले. मी हसत गेले. मला तिला सांगायचं होतं की तिची जागा आता पक्की झाली.

ती कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. चेहरा खडूसारखा. तांब्या लवंडलेला, माती ओली झालेली. हात धरला तर गार आणि घामाने चिकट. मी "हौसे, हौसे" म्हणून हलवलं तशी तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, पण मी जिंकून आलेय वगैरे तिला काही दिसलं नाही. म्हणाली, "वसे, मला घरी न्ये." मग म्हणाली, "आईला..." आणि पुढचं ओठांतच राहिलं.

टेम्पोत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्ता खराब, आणि घाईत कोणीतरी कपही टेम्पोत टाकला होता. तो प्रत्येक खड्ड्याला पत्र्यावर खडखडत होता, आणि त्याला धरावं हेसुद्धा कोणाला सुचलं नाही. दवाखान्याच्या दारात तिला उचललं तेव्हा ती गेलेली होती. तरी डॉक्टर बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी सरांना हळू आवाजात सांगितलं. हिवतापाने पाणथरी, म्हणजे डाव्या कुशीतली प्लीहा, वाढते, वाढली की नाजूक होते, धक्का लागला की फुटते, आणि रक्त सगळं पोटात उतरतं. बाहेरून काही दिसत नाही. सर म्हणाले, "पण तिला काही लागलंच नव्हतं हो. आम्ही बघितलं ना." आमच्या टाक्यांच्या कायद्याची त्या डॉक्टरांना काय कल्पना!

लोक मला नंतर म्हणाले, खेळता खेळता गेली, भाग्याची होती. अजूनही हा विषय निघाला की कोणी ना कोणी ते म्हणतंच. भाग्य कसलं! एका रविवारासाठी गेली ती. आठवड्यातले सहा दिवस शेणात आणि खुरपणीत घालवून सातव्या दिवशी चार मुलींबरोबर हसायला मिळावं, एवढीच तिची मागणी होती आणि तिची किंमत तिने अंगावर घेऊन चुकती केली. यात काही सुंदर नाही. मी खूप वर्षं यात काहीतरी सापडेल म्हणून शोधलं. काही नाही.

खेळ त्या दिवशी संपला. सरांनी शाळेतही तो बंद केला, आणि वर्षाअखेरीस बदली मागून निघून गेले. आम्ही मुली रस्त्यात भेटलो तरी इकडचं तिकडचं बोलायचो. शिवणवाली थोरली मला बघून गल्ली बदलायची. तिने कुडता वर करून पाहिलं होतं, तेवढाच तिचा गुन्हा. निर्मलाबाईंनी एकदा बाजारतळावर सगळ्यांना जमवायचा प्रयत्न केला. आम्ही आलो, शेळ्यांच्या लेंड्यांत उभ्या राहिलो आणि पाच मिनिटांत आपापल्या घरी गेलो. एकेकीची लग्नं झाली. आईने ती सहाण कोनाड्यातून काढली. कुठे टाकली ते मी कधी विचारलं नाही, आणि तिनेही त्यानंतर कोणाला लेप लावला नाही. घरात माझ्याशी सगळे फार जपून बोलायचे. मला वाटायचं, कोणीतरी ओरडावं. कोणी ओरडलं नाही.

तेराव्यानंतर मी वस्तीवर गेले. आई नको म्हणत होती, तरी गेले. हौसाचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान खाली घातली आणि उठून गोठ्यात गेले. मावशी आत चुलीजवळ होती. चूल पेटलेली नव्हती. मी तिच्या समोर बसले. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. तिलाही आलं नाही. मग तीच बोलली.

"म्या आंघूळ घातली तिला," ती म्हणाली. "समदं अंग बघितलं. मानंपासून पायापत्तुर. कुटं लागलं ते घावलंच न्हाई मला. पाठीवं जुनं काय काय हुतं, हिरवंपिवळं. तेबी मला म्हाईत नव्हतं. पर त्या दिसाचं कुटंच न्हाई." तिने माझ्याकडे पाहिलं. "समदे म्हन्त्यात बॉल लागला, बॉल लागला. कुटं लागला? तू हुतीस ना संगं. मला दाव."

मी तिचा हात धरला. खरखरीत, चिरा पडलेला हात. तो मी माझ्या डाव्या कुशीवर ठेवला, बरगडीच्या खाली.

"हितं?"

"हो."

तिने तिथे चाचपलं. बोटांनी दाबून बघितलं, आधी हलकं, मग जरा जोराने, म्हशीच्या पोटातलं वासरू चाचपावं तसं. माझ्या पोटात दुखायला लागलं, पण मी हलले नाही. मग तिने सगळा तळवा तिथे पसरून ठेवला आणि तसाच राहू दिला. बाहेर कोणीतरी म्हशीला पाणी दाखवत होतं. बादलीची कडी वाजली.

"लई दुखलं आसंल का गं तिला?" तिने विचारलं. "शेवटाला? काय म्हनत हुती?"

मला तिला सांगता येण्यासारखं एकच होतं, ते मी सांगितलं. घरी ने म्हणाली, तुझं नाव घेतलं. मावशीने मान हलवली. ते तिच्यापर्यंत आधीच पोचलेलं होतं.

"त्येच्या आदी," ती म्हणाली. "झाडाखाली बसल्ती तवा. कन्हत हुती का? हाका मारत हुती का कुनाला? तू सांग, तू हुतीस."

तिचा हात माझ्या कुशीवर तसाच होता.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "माझी पाठ होती तिच्याकडे."